पी.टी.चा तास सुधारण्याची सोपी कृती
(नव्याने रुजू झालेल्या क्रीडा शिक्षकांसाठी, नागपूर आवृत्ती)

सर, सर्वात आधी अभिनंदन. बी.पी.एड. झालात, संच मान्यतेत पद टिकलं आणि त्या पदावर तुम्हीच बसलात. हे तिन्ही योग एकाच जन्मात जुळून येणं सोपं नाही. आता मुख्याध्यापकांनी केबिनमध्ये बोलावून, चहा पाजून सांगितलं असेल की यंदा आपल्या शाळेत शारीरिक शिक्षणाचा दर्जा उंचावायचा आहे. घाबरू नका. पोरांना जागेवरून न हलवताही दर्जा उंचावता येतो आणि बऱ्याच ठिकाणी तो तसाच उंचावला जातो. खाली दिलेली कृती अनुभवी लोकांची आहे. शिट्टी गळ्यात अडकवा आणि वाचा.

पाठांतर

कुठल्याही बैठकीतली पहिली दहा मिनिटं इतिहासात घालवता आली पाहिजेत. १९३७ साली मुंबई सरकारने शारीरिक शिक्षणासाठी समिती नेमली, तिचे अध्यक्ष लोणावळ्याच्या कैवल्यधामचे स्वामी कुवलयानंद. नागपूर तेव्हा मध्य प्रांत आणि वऱ्हाडाची राजधानी होती, त्यामुळे आपण थोडक्यात बचावलो. स्वातंत्र्यानंतर मात्र सुटका नव्हती. १९४८ साली ताराचंद समिती आली. १९५४ साली आझाद हिंद फौजेतले जनरल जगन्नाथराव भोसले यांनी राष्ट्रीय शिस्त योजना काढली. मग पी.टी., शिस्त योजना, कॅडेटांची पथकं असं सगळं एकाच पोराच्या अंगावर येऊन पडलं. त्याचा मेळ घालायला १९५९ साली हृदयनाथ कुंझरू यांची समिती बसली आणि त्यातून १९६५ साली नॅशनल फिटनेस कोअर उभं राहिलं. पुढे २००९ चा शिक्षण हक्क कायदा आला, २०२० चं शैक्षणिक धोरण आलं. खेळाला आता अभ्यासाबाहेरचं म्हणायचं नाही, असं हे धोरण बजावतं.

एवढे कागद वाचायची गरज नाही. सगळ्यांत एकच लिहिलंय: पोरांनी रोज खेळावं.

बैठकीत एखादं जुनं खोड असेल तर ते अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाचं नाव काढील. १९१४ साली वैद्य बंधूंनी सुरू केलेली ही संस्था. १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी तिथल्या पथकाने जर्मन लोकांना आपले देशी खेळ करून दाखवले होते. विदर्भातल्या कितीतरी पी.टी. सरांच्या घरी भिंतीवर तिथलंच प्रमाणपत्र टांगलेलं असतं. हे नाव निघालं की विषय लगेच बदला. दीडशे किलोमीटरवर हे सगळं शंभर वर्षांपासून चालू आहे म्हटल्यावर आपल्या शाळेबद्दल गैरसोयीचे प्रश्न निघतात.

मैदान

शिक्षण हक्क कायद्याच्या अनुसूचीत शाळेला मैदान असावं असं लिहिलंय. केवढं असावं ते लिहिलेलं नाही. या मौनाच्या सावलीत गावोगावच्या शाळा सुखाने नांदतात. लेआउटमधल्या दोन प्लॉटांवर तीन मजले चढवून झाले की कंपाउंडला लागून एक पट्टा उरतो. त्यात शाळेच्या दोन व्हॅन, शिक्षकांच्या गाड्या, पाण्याची टाकी आणि शालेय पोषण आहाराची चूल एवढं मावतं. यू-डायसच्या फॉर्ममध्ये 'मैदान आहे का' या प्रश्नापुढे 'होय' लिहायचं ते याच पट्ट्याच्या जोरावर.

तुमच्या वाट्याला महाल किंवा धंतोलीकडची जुनी, खरोखरच मैदान असलेली शाळा आली असेल तर जास्त सावध राहा. असं मैदान संस्थेच्या अध्यक्षांच्या डोळ्यांत भरतं. लग्नसराईत तिथे मांडव पडतो, मांडवाच्या बल्ल्यांचे खड्डे मागे राहतात आणि जुलैत पोराचा पाय नेमका त्यातच मुरगळतो. खड्डे बुजवायचा खर्च वेतनेतर अनुदानातून करायचा की लग्नाच्या भाड्यातून, हा प्रश्न सभेत विचारू नये. विचारणाऱ्या सरांना दुसऱ्या दिवशी निवडणुकीचं काम लागतं.

शहरात मोकळ्या जागा नाहीत असं मात्र कुणी म्हणू नये. कस्तुरचंद पार्क आहे, तिथे सभा होतात आणि प्रदर्शनं लागतात. रेशीमबागेचं मैदान आहे, तिथेही तेच. यशवंत स्टेडियम आहे. डिसेंबरात हिवाळी अधिवेशन भरलं की राज्यभरचे मोर्चे तिथे गोळा होतात. कधीतरी तुमचाही निघेल. अंशकालीन निदेशक म्हणून लागला असाल तर लवकरच निघेल, कारण सहावी ते आठवीत १०० च्या वर पोरं असतील तर अर्धवेळ निदेशक द्यावा असं कायद्यात आहे, त्याने पूर्णवेळ जगावं कसं ते नाही. स्टेडियमपासून मॉरिस कॉलेजच्या टी पॉइंटपर्यंत घोषणा देत चालणं हा तुमच्या नोकरीतला सगळ्यात नेमाचा व्यायाम ठरण्याची शक्यता आहे. बूट चांगले घ्या.

कपाट

क्रीडा साहित्याचं कपाट लोखंडी असतं आणि त्याची किल्ली बाबूंकडे असते. आत बारा लेझीम, लाकडी डंबेल्स, हवा गेलेले दोन व्हॉलीबॉल, पंप आणि पंपाची हरवलेली सुई असा ऐवज असतो. या सगळ्याची नोंद डेडस्टॉक रजिस्टरमध्ये आहे, त्यामुळे यातलं काही झिजलं, फुटलं की निर्लेखनाचा प्रस्ताव, तीन सह्या आणि एक समिती लागते. पोराने चेंडू फोडला तर तो खेळला असा अर्थ होतो. ऑडिटच्या भाषेत त्याला नुकसान म्हणतात. म्हणून जाणते सर पाहुणे यायच्या दिवशी कपाट उघडतात, साहित्य टेबलावर मांडतात, फोटो काढतात आणि संध्याकाळी मोजून परत ठेवतात. पुण्याहून आलेले अधिकारी साहित्याची निगा पाहून खूश होतात.

वार्षिक नियोजन

विदर्भात शाळा जूनच्या शेवटच्या आठवड्यात उघडते. बाकी राज्यासारखी महिन्याच्या मध्यावर उघडली तर पोट्टे प्रार्थनेतच भोवळ येऊन पडतील. जुलैत काळी माती भिजते, चप्पल एकीकडे आणि पाय दुसरीकडे जातो, म्हणून तास वर्गात. ऑगस्ट उजाडला की पंधरा तारखेच्या संचलनाची तयारी. त्यानंतर शालेय स्पर्धांचा हंगाम येतो. १४, १७ आणि १९ वर्षांखालच्या संघांचे फॉर्म भरा, जन्माचे दाखले जोडा आणि निवडक बारा पोरं घेऊन मानकापूरच्या विभागीय क्रीडा संकुलात जा. तुम्ही तिकडे गेलात की बाकीच्या शाळेची पी.टी. मराठीच्या बाई घेतात. त्यांची पद्धत सोपी आहे: बाकावर डोकं ठेवा आणि बोलू नका.

मग दिवाळी. मग अधिवेशन, अर्धे रस्ते बंद. जानेवारीत स्नेहसंमेलन, खासदार क्रीडा महोत्सव, प्रजासत्ताक दिन. फेब्रुवारीत दहावीची तोंडी-प्रॅक्टिकल असल्याने तुमचा तास गणिताला जातो. 'फक्त या महिन्यापुरता' असं सांगून नेलेला तास परत आल्याची नोंद कुठल्याही शाळेत सापडत नाही. मार्चपासून सकाळची शाळा, पुढे पारा ४५ कडे. हाती राहतात ते नोव्हेंबरातले थोडे दिवस. त्यांची टाचणवही सुवाच्य अक्षरात लिहा, तपासणीला तीच मागतात.

प्रत्यक्ष तास

आता मुख्य भाग. तास ३५ मिनिटांचा, वर्गात ६० पोरं. घंटा झाल्यावर दप्तरं बंद करून, जिना उतरून मैदानावर यायला पाच मिनिटं. उंचीप्रमाणे रांगा लावून हजेरी घ्यायला सात. नखं, केस, बेल्ट आणि बुटांचा रंग तपासायला पाच, कारण शाळेची शिस्त ही तुमची जबाबदारी आहे आणि मूल्यशिक्षणाचे चार शब्दही त्यातच उरकायचे. शेवटी पाणी पिऊन वर्गात परत जायला पाच. उरली तेरा मिनिटं.

या तेरा मिनिटांत रिले घ्या. पोरांच्या चार रांगा करा, एकेका रांगेत पंधरा. एकाची धाव दहा सेकंदांची धरली तर त्याचा नंबर पुन्हा लागायला अडीच मिनिटं लागतात. म्हणजे एका पोराच्या वाट्याला पाच धावा, एकूण पन्नास सेकंद. बाकी बारा मिनिटं तो रांगेत उभा राहून पुढच्याच्या पाठीवर पेनाने रेघोट्या ओढतो. लांबून पाहणाऱ्याला मात्र मैदानावर सतत कुणी ना कुणी पळताना दिसतं, हीच या पद्धतीची खुबी.

पन्नास सेकंदही जास्त वाटत असतील तर क्रिकेट आहेच. एक बॅट, एक चेंडू, दोन-तीन खेळणारे आणि सत्तावन्न क्षेत्ररक्षक. त्याहून बरा उपाय म्हणजे बाद होण्याचे खेळ. लंगडीत नाही तर संगीत खुर्चीत सगळ्यात जाड, सगळ्यात हळू, ज्याला खेळायची सगळ्यात जास्त गरज आहे तो पोरगा पहिल्याच मिनिटाला बाहेर येऊन पायरीवर बसतो. जो आधीच चपळ आहे तो शेवटपर्यंत खेळून आणखी चपळ होतो. वर्षभर हेच केलं की कोण खेळाडू आणि कोण 'अभ्यासातला' हे आपोआप ठरतं, वेगळी निवड चाचणी घ्यावी लागत नाही.

शिक्षेचंही एक तंत्र आहे. उशिरा आला, राउंड मार. गृहपाठ नाही, राउंड मार. मागे वळून बोलला, दोन राउंड मार. दहावीपर्यंत पोराच्या मनात पळणं आणि शिक्षा यांची अशी गाठ बसते की पुढे चाळिशीत डॉक्टरांनी चालायला सांगितलं तरी तो विचारतो, माझं काय चुकलं?

मुली

सातवीपर्यंत काही करावं लागत नाही, त्या आपल्या खेळत असतात. आठवीपासून गणवेश बदलतो, ओढणी येते. मैदानाच्या त्या टोकाला कडुनिंब असतो. 'मुलींनी तिकडे बसा' एवढं एक वाक्य पुरतं. त्यांच्यासाठी स्वच्छतागृहाला कडी आहे का, पाळीच्या दिवसांत कुणाला सांगायची सोय आहे का, सलवार-ओढणीऐवजी ट्रॅकपँट चालेल का, या बारीकसारीक गोष्टींत सरांनी पडू नये. शाळेत मॅडम असतील तर त्यांनीही पडू नये, कारण त्यांच्याकडे संमेलनाचे नाच असतात.

त्याच झाडाखाली बसलेल्यांपैकी एखादी गावाबाहेरच्या अकादमीत आईवडिलांच्या पैशाने शिकून पुढे गेली तर श्रेय कसं घ्यायचं, ते फ्लेक्सच्या प्रकरणात येईल.

चाचण्या आणि तारे

आता मोजमापाचा जमाना आहे. खेलो इंडियाच्या चाचण्यांत पहिली ते तिसरीच्या लेकरांनी एका पायावर तोल सांभाळायचा आणि ताटल्यांवर हात भरभर आपटायचे. चौथीपासून पुढे ५० मीटर धाव, ६०० मीटर धाव, बसून पुढे वाकणं, पोटाचे आणि दंडाचे व्यायाम. उंची-वजन सगळ्यांचंच. योजना वाईट नाही. कुठल्या पोराचा दम कुठे कमी पडतो ते कळतं आणि सहा महिन्यांनी सुधारला का तेही कळतं. धोका आहे तो इथेच. सहा महिन्यांनी पुन्हा मोजलं तर मधल्या काळात आपण काय केलं, असं कुणीतरी विचारणार. त्यावर तोड अशी की एकदाच मोजायचं आणि पुढच्या वेळी त्याच आकड्यांत थोडी भर घालायची. ६०० मीटरचंही तसंच. तुमचा पट्टा ३० मीटरचा असेल तर पोराने वीस फेऱ्या मारायच्या, प्रत्येक टोकाला व्हॅनला वळसा घालायचा. स्टॉपवॉच मोबाइलमध्ये असतं, पण तेवढ्यात फोन येतो. अंदाजे लिहा.

२०१९ च्या राष्ट्रीय क्रीडा दिनी, म्हणजे २९ ऑगस्टला, फिट इंडिया सुरू झालं. त्यात शाळांना ध्वज मिळतो, तीन तारे मिळतात, पाच तारे मिळतात. पोर्टलवर आपली माहिती आपणच भरायची. ही सोय ज्याने केली त्याला शाळेचं मन कळलं होतं.

भाषणाला दोन आकडे हाताशी ठेवा. जागतिक आरोग्य संघटना म्हणते, ५ ते १७ वयाच्या मुलांनी दिवसाला सरासरी ६० मिनिटं घाम येईल, दम लागेल असं हालावं. २०१६ च्या आकडेवारीवर आधारलेल्या तिच्याच अभ्यासात ११ ते १७ वयातली जगातली ८१ टक्के मुलं एवढी हालत नाहीत असं निघालं, मुलींमध्ये ८५ टक्के. आकडे सांगून झाल्यावर श्रोत्यांना बसायला सांगा.

फ्लेक्स

नागपूरची पोरं अधूनमधून अडचण करतात. ओजस देवतळे २०२३ साली बर्लिनमध्ये तिरंदाजीचा जगज्जेता झाला, अंतिम फेरीत १५० पैकी १५० गुण घेऊन, आणि त्याच वर्षी हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेतून तीन सुवर्णपदकं घेऊन आला. मालविका बनसोडने २०२२ साली इंडिया ओपनमध्ये साईना नेहवालला हरवलं. दिव्या देशमुखने जुलै २०२५ मध्ये बाटुमीला कोनेरू हम्पीला हरवून बुद्धिबळाचा महिला विश्वचषक जिंकला. अशा वेळी चौकात फ्लेक्स लागलाच पाहिजे. वर नेते, खाली संस्थेचे पदाधिकारी, कोपऱ्यात खेळाडू. दिव्याच्या यशाचा आणखी एक उपयोग आहे. मैदान नसलेल्या शाळेने बुद्धिबळाचे चार पट घ्यावेत आणि मैदानाचं कुणी विचारलं की पटांकडे बोट दाखवावं.

एका विजेत्यामागच्या बाकीच्या एकोणसाठांवर फ्लेक्स निघत नाही. पी.टी.चा तास मुळात त्यांच्यासाठी असतो, पण हे सभेत बोलायचं नाही.

टाळावयाच्या चुका

काही उत्साही सर पहिल्याच वर्षी घोळ घालतात. त्यातले मुख्य सांगतो, म्हणजे तुमच्या हातून घडणार नाहीत.

रांगा छोट्या करणं ही पहिली चूक. चाराऐवजी बारा रांगा, एकेकीत पाच पोरं, एवढंच केलं तरी त्याच तेरा मिनिटांत एकाची धाव पन्नास सेकंदांवरून अडीच मिनिटांवर जाते. त्यातून सर हजेरीची वही गटनायकांकडे देऊन मोकळे झाले, नखांची तपासणी वर्गशिक्षकांकडे गेली, तर तेरा मिनिटांची पंचवीस होतात आणि गोष्ट हाताबाहेर जाते. चुन्याची फक्की घेऊन भलतीकडे रेघा मारत बसू नये. मुलींच्या कबड्डीचं मैदान १२ बाय ८ मीटरचं असतं. व्हॅन हलवल्या तर तुमच्या पट्ट्यात त्याहून छोटी तीन मैदानं सहज बसतात आणि मग साठातली चाळीसेक पोरं एकाच वेळी खेळतात. उरलेल्या वीसांसाठी साखळीचा खेळ नाही तर आट्यापाट्याची एक पाटी पुरते, तिला साहित्यच लागत नाही. बाद झालेल्याला पायरीवर न पाठवता दुसऱ्या मैदानावर पाठवलं की बसायला कुणी उरतच नाही. हे पाहून मुख्याध्यापकांना वाटेल गोंधळ चाललाय. शिट्टी कमी आणि आवाज जास्त असला की त्यांना तसं वाटतंच.

बाहेरच्या कल्पना उचलू नयेत. स्कॉटलंडमध्ये स्टर्लिंगच्या एका प्राथमिक शाळेत एलेन वायली नावाच्या मुख्याध्यापिकेने २०१२ साली रोज पंधरा मिनिटं सगळ्या पोरांना, असतील त्याच कपड्यांत, शाळेभोवती पळायला किंवा चालायला सोडलं. ना साहित्य, ना स्पर्धा, ना गणवेश, ना पहिला नंबर. वर्गशिक्षकांनीच ते करायचं. ती टूम पुढे कितीतरी देशांत गेली. त्यात निविदा नाही, उद्घाटन नाही, फोटोत दाखवण्याजोगं काही नाही. आपल्याकडे ती चालणं कठीण.

वेळापत्रकात हात घालणं हा त्याहून मोठा गुन्हा. पी.टी. शेवटच्या तासाला असते कारण ताजं डोकं गणिताला लागतं. एखादे सर मार्च-एप्रिलमध्ये आपला तास सकाळी सात वाजता मागतात, हिवाळ्यात दुपारी मागतात, पाण्याचा माठ मैदानाच्या कडेला ठेवायला सांगतात. इथे मात्र थट्टा बाजूला ठेवतो. आपल्याकडचं ऊन खरंच पोराला घेऊन जाऊ शकतं. अकरा वाजता उघड्यावर कवायत घेण्यापेक्षा तास न घेतलेला बरा. पण सात वाजता घेता येतो, हे वेळापत्रक करणाऱ्यांना सांगू नका, त्यांना सगळी वही पुन्हा आखावी लागेल.

कपाटाची किल्ली आठवीतल्या मुलीच्या हाती देऊ नये. तिने मैत्रिणींना ओढत आणलं, ओढण्या कमरेला बांधायला लावल्या आणि खो-खोचे दोन खांब रोवून घेतले तर झाडाखाली कुणीच उरणार नाही. चेंडूही फुटेल. निर्लेखनाचा प्रस्ताव पाठवावा लागेल आणि कारणाच्या रकान्यात 'खेळल्यामुळे' असं लिहावं लागेल. बाबूंनी असं कारण आजवर पाहिलेलं नाही. ते फाईल परत पाठवतील.

एवढं सांगूनही तुमच्याकडून या सगळ्या चुका झाल्याच, तर तासानंतर साठच्या साठ पोट्टे घामाने निथळत, धापा टाकत, हसत वर्गात शिरतील आणि पुढच्या तासाच्या बाई थेट मुख्याध्यापकांकडे जाऊन तक्रार करतील की वर्गात बसवत नाही इतका वास येतोय. तुम्हाला बोलावणं येईल. अशा वेळी वाद घालायचा नाही. जाताना वर्गाच्या खिडक्या उघडून जा.